आरओचं मेंब्रेन टिकवायचं कसं: गावातल्या छोट्या प्लांटवाल्यांसाठी पहिल्यापासून सगळं

अकोला, अमरावती, बुलढाणा या भागात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला जो खारपाण पट्टा आहे तिथल्या गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे ग्रामपंचायतीचा, बचत गटाचा नाहीतर कुणाचा खासगी असा आरओ प्लांट असतो आणि त्यातले काही कुलूप लागलेलेही दिसतात. का बंद पडला विचारलं की उत्तर ठरलेलं, मेंब्रेन गेलं, म्हणजे पाण्यातलं मीठ अडवणारी आतली गुंडाळी खराब झाली. पण मेंब्रेन असं आपोआप जात नाही हो, त्याच्या आधीचं पाणी त्याला मारतं, म्हणजे क्लोरीन, खडे धरणारं जड पाणी, गाळ, लोखंड, आणि बंद करताना फ्लश न करणं म्हणजे आतलं खारट पाणी धुऊन न काढणं, आणि यातलं जवळजवळ सगळं ऑपरेटरच्या हातात असतं. नवीन मेंब्रेन मागवायच्या आधी काय बघायचं, कसं मोजायचं, कसं धुवायचं हे सगळं इथे सविस्तर लिहितोय, आणि घरच्या आरओवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

आधी हे मेंब्रेन आहे काय ते

आज बाजारात मिळणारं जवळपास प्रत्येक आरओ मेंब्रेन टीएफसी म्हणजे थिन फिल्म कंपोझिट असतं, ते एका मटेरियलचं नसून तीन थरांचं असतं. खाली पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, साधारण १२० मायक्रॉन जाड, ते नुसता आधार देतं. त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर, साधारण ४० मायक्रॉनचा. आणि सगळ्यात वर पॉलिअमाइडचा थर, जेमतेम ०.२ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा तीनशेवा भाग वगैरे. मीठ अडवायचं सगळं काम हा वरचा थर करतो, बाकी दोन थर त्याला फाटू देत नाहीत एवढंच.

हा थर बनतो कसा ते कळलं की तो नाजूक का ते पण कळतं. पॉलिसल्फोनवर आधी एमपीडी नावाचं अमाइन पाण्यात विरघळवून लावतात, जादाचं पाणी निपटून काढतात, मग त्यावर हेक्झेनसारख्या तेलकट द्रावणात विरघळलेलं टीएमसी नावाचं दुसरं रसायन ओततात. पाणी आणि हेक्झेन मिसळत नाहीत त्यामुळे दोन रसायनं फक्त त्यांच्या सीमेवर भेटतात आणि काही सेकंदात तिथल्या तिथे पॉलिअमाइडची साय धरते. साय धरली की ती स्वतःच पुढची भेट अडवते म्हणून ती इतकी पातळ राहते. अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी १९७० च्या दशकात हे जमवलं आणि १९८१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याच्या आधी लोब आणि सूरीराजन या संशोधकांचं सेल्युलोज अॅसिटेटचं मेंब्रेन होतं, ते क्लोरीन बऱ्यापैकी सहन करायचं पण प्रेशर जास्त लागायचं आणि पीएच साधारण ४ ते ६ मध्येच ठेवावा लागायचा. टीएफसी कमी प्रेशरवर जास्त पाणी देतं, मीठ जास्त अडवतं, रोजच्या वापरात पीएच २ ते ११ चालतो, फक्त क्लोरीन अजिबात चालत नाही. आपल्याकडे भावनगरच्या सीएसएमसीआरआय (मीठ आणि सागरी रसायनांवरची केंद्रीय संशोधन संस्था) आणि तुर्भ्याच्या बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) या दोन्ही ठिकाणी या मेंब्रेनवर बरंच काम झालेलं आहे.

कारखान्यात ही शीट मधल्या नळीभोवती गुंडाळतात, दोन शीटच्या मध्ये पाणी वाहायला प्लास्टिकची जाळी. गावातल्या प्लांटमध्ये बहुतेक ४०४० असतं म्हणजे ४ इंच व्यास आणि ४० इंच लांबी, आत साधारण ७ ते ८ चौरस मीटर मेंब्रेन गुंडाळलेलं. घरच्या मशिनमध्ये १८१२, म्हणजे १.८ इंच आणि १२ इंच. समुद्राच्या पाण्याची मेंब्रेनं पण याच जातीची, फक्त तिथे मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असल्याने नुसतं ऑस्मोटिक प्रेशरच, म्हणजे मिठामुळे मेंब्रेनवर येणारा उलटा दाब, २५ किलोच्या (चौरस सेंटीमीटरला) वर जातं आणि पंप ५५ ते ७० किलोवर चालवावे लागतात. बोअरच्या पाण्याला १००० टीडीएसमागे (टीडीएस म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत) साधारण पाऊण किलो ऑस्मोटिक प्रेशर धरा, त्यामुळे ८ ते १२ किलोत काम भागतं.

पायरी १: पाणी तपासून घ्या, टीडीएस मीटरवर थांबू नका

टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि एका गुणकाने आकडा दाखवतो. त्याला फ्लोराइड दिसत नाही, नायट्रेट दिसत नाही, जंतू तर नाहीच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत तिथे नमुना द्या आणि रिपोर्टमध्ये टीडीएस, एकूण कठीणपणा, अल्कलिनिटी, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि पीएच हे सगळं मागून घ्या, जमलं तर सिलिका पण. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, कारण बोअरचं पाणी वर्षभर सारखं नसतं.

रिपोर्ट वाचताना पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० हे मानक समोर ठेवा. टीडीएस ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, कठीणपणा २०० आणि ६००, फ्लोराइड १ आणि १.५, नायट्रेट मात्र ४५ म्हणजे ४५, त्याला सूट नाही. टीडीएस ३००-४०० असेल आणि फ्लोराइड, नायट्रेट हद्दीत असेल तर आरओ लावूच नका, चांगलं फिल्टर आणि निर्जंतुकीकरण पुरेसं आहे, उगाच निम्मं पाणी रिजेक्टमध्ये, म्हणजे बाहेर टाकायच्या खारट पाण्यात, घालवायचं कशाला.

पायरी २: किती मेंब्रेन आणि किती रिकव्हरी याचा हिशोब

रिकव्हरी म्हणजे आत गेलेल्या १०० लिटरमधून शुद्ध किती आलं. ५० टक्के रिकव्हरी ठेवली की रिजेक्टमध्ये सगळे क्षार दुप्पट होतात, ७५ टक्के ठेवली की चौपट. आता तुमच्या बोअरचा कठीणपणा ६०० असेल तर ५० टक्क्यांना शेवटच्या मेंब्रेनला १२०० चं पाणी लागतं आणि ७५ टक्क्यांना २४०० चं, आणि तिथेच खडे धरतात. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळला जातो आणि मेंब्रेन सहा महिन्यात दगड होतं, तेव्हा जड पाण्याला ५० टक्के हीच हद्द धरा, अँटिस्केलंट म्हणजे खडे धरू न देणारं औषध, त्याच्या कंपनीने तुमचा रिपोर्ट बघून जास्त सांगितली तर गोष्ट वेगळी.

एका ४०४० कडून तासाला २०० लिटर घेतलं तर ते निवांत चालतं, २५० म्हणजे वरची हद्द समजा. म्हणून ५०० एलपीएचच्या (तासाला ५०० लिटरच्या) प्लांटला दोन आणि १००० ला चार मेंब्रेन लावतात, तीन मेंब्रेनवर १००० काढून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात, ४०४० मधून रिजेक्टच्या बाजूला तासाला साधारण ७०० लिटर तरी वाहायला हवेत नाहीतर गाळ आणि क्षार मेंब्रेनच्या अंगाला बसतात. छोट्या प्लांटमध्ये एवढा रिजेक्ट नसतो म्हणून थोडा रिजेक्ट परत पंपाच्या तोंडाला फिरवतात, तो रिसायकलचा व्हॉल्व्ह. तो पूर्ण बंद करू नका आणि पूर्ण उघडू पण नका, रोटामीटर म्हणजे प्रवाह दाखवणारी काचेची नळी बघून सेट करा आणि तिथे पेंटने खूण करून ठेवा.

पायरी ३: मेंब्रेनच्या आधीचं पाणी, खरा जीव इथे आहे

क्रम साधारण असा: टाकी, फीड पंप, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, अँटिस्केलंटचा डोसिंग पंप, ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर, हायप्रेशर पंप, मेंब्रेन. सँड फिल्टर रोज बॅकवॉश करा म्हणजे उलटं पाणी सोडून धुवा, कार्ट्रिजच्या आधी-नंतरच्या गेजमध्ये अर्ध्या-पाऊण किलोचा फरक आला की कार्ट्रिज बदला, धुवून परत लावू नका. कार्ट्रिज लालसर होत असेल तर पाण्यात लोखंड आहे, त्याच्यासाठी वेगळा आयर्न फिल्टर लागेल. याच्यावर जास्त लिहीत नाही, खरं महत्त्वाचं पुढे आहे.

क्लोरीन. गावात जलसुरक्षक (पंचायतीचा पाणी बघणारा माणूस) टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि ती टाकलीच पाहिजे, नळाला ०.२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) क्लोरीन असायलाच हवं, तो गावाच्या तब्येतीचा प्रश्न आहे. पण तेच पाणी आरओला आलं तर क्लोरीन पॉलिअमाइडच्या नायट्रोजनवर बसतो, तिथून बेंझिनच्या कड्यावर जातो आणि साखळी तुटायला लागते. हे नुकसान धुऊन जात नाही. १ पीपीएमच्या पाण्यात २०० ते १००० तासांत मेंब्रेनचं काम घसरायला लागतं असा कंपन्यांचा अंदाज आहे, म्हणजे प्लांट रोज ८ तास चालत असेल तर २५ दिवस ते चार महिने. पावडर टाकल्यावर लगेच ३-४ पीपीएमचं पाणी आलं तर यापेक्षाही लवकर, आणि पाण्यात लोखंड असेल तर अजून लवकर कारण लोखंड ही क्रिया वाढवतं.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, जलसुरक्षकाशी बोलून ठेवा की टीसीएल टाकायची वेळ आणि प्लांट चालू करायची वेळ यात मोकळं अंतर राहील, किंवा प्लांटला थेट बोअरवरून वेगळी लाइन घ्या. दुसरी, कार्बन फिल्टरच्या नंतर आणि मेंब्रेनच्या आधी नमुन्याचा छोटा कॉक बसवून घ्या, रोज सकाळी प्लांट चालू झाल्यावर तिथे ओटी टेस्ट (थेंब टाकून क्लोरीन तपासायची) करा, जराही पिवळसर झालं तर प्लांट तिथेच बंद. डीपीडीच्या गोळ्या मिळाल्या तर त्या अजून चांगल्या, कमी क्लोरीन त्यात नीट कळतं. तिसरी, कार्बन बदलायची तारीख लिहून ठेवा, दिसायला काळा आहे म्हणजे चांगला आहे असं नसतं, आतली जागा भरली की तो नुसता कोळसा. क्लोरीन सारखंच येत असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइट, ज्याला एसएमबीएस म्हणतात, त्याचं डोसिंग करता येतं, १ भाग क्लोरीनला ३ भाग एसएमबीएस हा धंद्यातला रूढ हिशोब आहे. आणि एक लक्षात ठेवा, कार्बननंतरच्या पाण्यात क्लोरीन नाही म्हणजे जंतूंना मोकळं रान, त्यामुळे कार्बन पण नियमित बॅकवॉश करा आणि प्लांट दोन-दोन दिवस साचलेल्या पाण्यावर ठेवू नका.

आता अँटिस्केलंट. डोस साधारण २ ते ५ पीपीएम असतो. तासाला १००० लिटर फीड आणि ४ पीपीएम डोस म्हणजे तासाला ४ ग्रॅम, ८ तासांना ३२ ग्रॅम. हे आकडे इतके छोटे आहेत की डोसिंग पंपात हवा धरली किंवा नळीत खडा आला तर कुणाला पत्ताच लागत नाही, पंप टकटक करत असतो आणि पाण्यात काहीच पडत नाही. म्हणून डोसिंगच्या टाकीवर बाहेरून पट्टी चिकटवा, रोज संध्याकाळी पातळी किती उतरली ते लिहा. उतरली नसेल तर दुसऱ्या दिवशी प्लांट चालू करायच्या आधी पंप बघा. पातळ केलेलं औषध फार दिवस ठेवू नका, त्यातच जंतू वाढतात. औषध संपलंय आणि गावाला पाणी हवंय म्हणून तसाच चालवला, अशा एका आठवड्यातसुद्धा जड पाण्यावर शेवटचं मेंब्रेन धरतं, अशा वेळी निदान रिकव्हरी कमी करा.

पायरी ४: मेंब्रेन बसवणं

वेसल म्हणजे मेंब्रेन ज्यात बसतं ती नळी आतून स्वच्छ पाण्याने धुवा, पाइप फ्लश करा, पीव्हीसीचा भुसा आत राहिला तर तो पहिल्या मेंब्रेनच्या तोंडात जाऊन बसतो. मेंब्रेनवर बाणाची दिशा असते, पाणी त्याच दिशेने गेलं पाहिजे. बाहेरून जी मोठी रबरी रिंग असते ती ब्राइन सील, ती फीडच्या बाजूला येते आणि तिचा उघडा ओठ येणाऱ्या पाण्याकडे असतो. उलटी बसली तर पाणी मेंब्रेनच्या आत न जाता बाजूने निघून जातं आणि तुम्ही कारण शोधत बसता. ओ-रिंगला ग्लिसरीन लावा, व्हॅसलीन, ग्रीस, तेल यातलं काही नाही. मेंब्रेन नेहमी फीडच्या बाजूने ढकला, एकापेक्षा जास्त असतील तर मधल्या जोडणीच्या ओ-रिंग तपासा आणि प्रत्येक मेंब्रेनचा सिरियल नंबर कुठल्या जागेवर बसवला ते लिहून ठेवा, पुढे रोग ओळखताना याचाच उपयोग होतो.

पहिल्यांदा चालू करताना रिजेक्टचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, शुद्ध पाण्याची लाइन पण गटारात सोडा. आधी फक्त फीड पंपावर हळूहळू हवा बाहेर काढा, अर्धा तास तसंच वाहू द्या, मगच हायप्रेशर पंप लावा आणि प्रेशर अर्ध्या-एक मिनिटात सावकाश चढवा. झटका दिला तर गुंडाळी दुर्बिणीसारखी बाहेर सरकते आणि ती परत बसत नाही. पहिल्या तासाचं शुद्ध पाणी टाकून द्या कारण मेंब्रेनमध्ये टिकवायचं रसायन असतं.

शुद्ध पाण्याच्या लाइनवर एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह आहे का बघा. प्लांट बंद झाल्यावर वरच्या टाकीतलं पाणी उलटं मेंब्रेनवर दाबलं गेलं तर शीट जिथे डिंकाने चिकटवलेली असते तिथे सुटते, ०.३ किलोच्या वर उलटं प्रेशर चालत नाही, म्हणजे वरची टाकी फक्त तीन मीटर उंच असली तरी हद्द गाठली.

पायरी ५: पहिल्या आठवड्याचे आकडे आणि वही

प्लांट स्थिर झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जे आकडे येतात ते सोन्यासारखे जपा कारण पुढची सगळी तुलना त्यांच्याशीच. रोज एकदा ठरावीक वेळी लिहा: पाण्याचं तापमान, फीडचा टीडीएस, शुद्ध पाण्याचा टीडीएस, शुद्ध किती आणि रिजेक्ट किती, कार्ट्रिजच्या आधी-नंतरचं प्रेशर, मेंब्रेनच्या आधीचं आणि रिजेक्टचं प्रेशर. रोटामीटरचं काच काळं पडलं असेल तर २० लिटरचा जार लावा आणि मोबाइलवर वेळ धरा, २ मिनिट २४ सेकंदात भरला तर तासाला ५०० लिटर.

मीठ किती अडतंय त्याचा हिशोब सोपा आहे. फीड १८०० आणि शुद्ध ६० असेल तर १८०० मधून ६० वजा करा, १८०० ने भागा, १०० ने गुणा, ९६.७ टक्के आले. हा आकडा जपा, नुसता शुद्धचा टीडीएस बघू नका, कारण उन्हाळ्यात बोअरचाच टीडीएस वाढला तर शुद्धचा पण वाढणार, त्यात मेंब्रेनचा दोष नाही.

तापमानाचं तर विदर्भात फारच बघावं लागतं. दर अंशाला उत्पादन साधारण ३ टक्क्यांनी बदलतं, पाणी ३५ अंशावरून २० वर आलं तर त्याच प्रेशरला पाणी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी येतं. डिसेंबरात पाणी कमी झालं म्हणून मेंब्रेन बदलायला निघालेला ऑपरेटर मे महिन्यात तेच मेंब्रेन चांगलं म्हणाला असता. उलट मे मध्ये गच्चीवरची काळी टाकी तापून पाणी ४५ अंशाच्या जवळ गेलं तर थांबा, तिथे मेंब्रेनची हद्द आहे, टाकीवर सावली करा. गरम पाण्यात मीठ पण जास्त निसटतं, त्यामुळे उन्हाळ्यात शुद्धचा टीडीएस थोडा वाढणं हे स्वाभाविक आहे.

पायरी ६: रोग ओळखणं

इथे घाई करू नका. तापमान लक्षात घेऊन तीन आकडे बघा: उत्पादन, मीठ अडवण्याचे टक्के, आणि मेंब्रेनच्या आधी-नंतरच्या प्रेशरमधला फरक. या तिघांच्या जोडीवरून बहुतेक वेळा कारण कळतं.

उत्पादन वाढलंय आणि टीडीएस पण वाढलाय, तर क्लोरीनने खाल्लं. पाणी जास्त येतंय म्हणून खूश होऊ नका, थर फाटल्याची ती खूण आहे. सगळ्यात आधी पहिलं मेंब्रेन जातं. याला उपाय नाही, बदलावंच लागतं, पण कार्बनचा बंदोबस्त केल्याशिवाय नवीन लावू नका.

उत्पादन कमी, टीडीएस वाढलेला आणि त्रास शेवटच्या मेंब्रेनला जास्त, तर खडे धरलेत. शेवटचं मेंब्रेन काढून हातात घ्या, बाकीच्यांपेक्षा जड लागतं. रिजेक्टच्या तोंडावर खरखरीत पांढरं असेल तर त्यावर पातळ अॅसिडचे दोन थेंब टाका, फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट, ते धुतलं जातं. फेस आला नाही तर सल्फेट किंवा सिलिका असू शकतं आणि ते काढणं फार अवघड.

उत्पादन कमी, प्रेशरचा फरक वाढलाय, टीडीएस सुरुवातीला ठीक आणि त्रास पहिल्या मेंब्रेनला, तर गाळ किंवा जंतूंचा चिकट थर. फीडच्या तोंडाला बोट लावलं की बुळबुळीत लागतं आणि वास येतो तो जंतूंचा. तपकिरी असेल तर लोखंड. एका ४०४० मागे १ किलोच्या वर फरक गेला तर प्लांट चालवू नका, गुंडाळी सरकते.

टीडीएस अचानक एका दिवसात उडी मारून वाढला आणि बाकी सगळं तसंच, तर ओ-रिंग. प्रत्येक वेसलच्या शुद्ध पाण्याचा नमुना वेगवेगळा घ्या, ज्याचा आकडा वेगळा येतो ते उघडा. कित्येकदा काही रुपयांच्या ओ-रिंगमुळे चांगली मेंब्रेनं भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून आधी हे बघा.

पायरी ७: धुणं

उत्पादन १० टक्क्यांनी उतरलं किंवा प्रेशरचा फरक १५ टक्क्यांनी वाढला की लगेच धुवा. पूर्ण बंद पडायची वाट बघितली तर मग औषध आत पोचतच नाही. त्यासाठी एक प्लास्टिकची टाकी, छोटा पंप, कार्ट्रिज आणि नळ्या एवढं लागतं. एका ४०४० ला साधारण १० लिटर द्रावण धरा, फार घाण असेल तर दुप्पट, शिवाय पाइपातलं वेगळं. द्रावण शुद्ध आरओच्या पाण्यातच बनवा.

खडे किंवा लोखंड असेल तर आधी अॅसिड: २ टक्के सायट्रिक अॅसिड, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, पीएच २ च्या आसपास. जंतू किंवा सेंद्रिय चिकटा असेल तर आधी अल्कली: ०.१ टक्का कॉस्टिक सोडा, म्हणजे १० लिटरला १० ग्रॅम, पीएच ११ ते १२. दोन्ही असेल तर आधी अल्कली, मग भरपूर पाण्याने फ्लश, मग अॅसिड. उलटं केलं तर सेंद्रिय घाण अॅसिडमध्ये घट्ट बसते. द्रावण ३० ते ३५ अंश कोमट असेल तर काम चांगलं होतं, ३५ च्या वर नको आणि पीएच १२ च्या वर नको. कमी प्रेशरला, शुद्ध पाणी बाहेर पडणार नाही इतक्या कमी प्रेशरला, अर्धा तास फिरवा, पहिलं काळंपिवळं येणारं पाणी टाकून द्या, मग पंप बंद करून तासभर भिजू द्या, परत अर्धा तास फिरवा. फिरताना पीएच तपासत राहा, अॅसिडचा पीएच चढला म्हणजे ते खडे खातंय, थोडं सायट्रिक वाढवा. शेवटी भरपूर फ्लश आणि पहिलं शुद्ध पाणी गटारात.

हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॉस्टिकला हात लावू नका, पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी नाही. कपड्याचा साबण, फिनाइल, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), ब्लीचिंग यातलं काहीही मेंब्रेनमध्ये घालू नका, काही साबणातले घटक पॉलिअमाइडला असे चिकटतात की परत सुटत नाहीत.

पायरी ८: रोजचं बंद करणं आणि लाइट जाणं

प्लांट बंद करताना आत जे पाणी राहतं ते सगळ्यात खारट असतं आणि रात्रभर तिथेच उभं राहून खडे धरतं. म्हणून बंद करायच्या आधी रिजेक्ट पूर्ण उघडून कमी प्रेशरला ५ ते १० मिनिट फ्लश करा, शुद्ध पाण्याने जमलं तर फारच उत्तम. लोडशेडिंगमध्ये लाइट अचानक जाते तेव्हा फ्लश होत नाही, मग लाइट आल्यावर सरळ प्रेशरवर घेऊ नका, आधी फ्लश करा. शुद्ध पाण्याची छोटी टाकी उंचावर ठेवून हाताने उघडायचा फ्लशचा व्हॉल्व्ह केला तर लाइट नसतानाही काम होतं.

दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल, यात्रा असो, मोटर जळालेली असो, तर १ टक्का एसएमबीएसचं द्रावण, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, मेंब्रेनमध्ये भरून व्हॉल्व्ह बंद करा. महिन्याने पीएच बघा, ३ च्या खाली गेला तर द्रावण बदला. त्याचा वास उग्र असतो, खोली उघडी ठेवून करा. एकदा ओलं झालेलं मेंब्रेन कधीच वाळू देऊ नका, काढून ठेवायचं असलं तरी द्रावण घालून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून सावलीत.

घरच्या आरओवाल्यांसाठी

तत्त्व तेच, आकार छोटा. ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलनचं) मेंब्रेन म्हणजे कंपनीच्या प्रेशरला आणि २५ अंशाला तासाला साधारण १२ लिटर, म्हणजे एक लिटर ५ मिनिटात. तुमचं १० मिनिट घेत असेल तर आधी बाहेरचा गाळ अडवणारा स्पन फिल्टर, मग कार्बन, मग पंपाचं प्रेशर, मग सर्वात शेवटी मेंब्रेन, या क्रमाने बघायला सांगा. रिजेक्टच्या पाइपवर एफआर म्हणजे प्रवाह रोखणारा छोटा तुकडा असतो, त्यावर ४५० लिहिलं असेल तर मिनिटाला ४५० मिली म्हणजे तासाला २७ लिटर रिजेक्ट, ३०० असेल तर १८ लिटर. तुमचं पाणी जड असेल तर पाणी वाचवायला म्हणून छोटा एफआर लावून घेऊ नका. आणि मेंब्रेन बदलताना एफआर पण बदला, तो अर्धा तुंबलेला राहिला की नवीन मेंब्रेन पण लवकर धरतं. मशिनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो शुद्ध पाण्यात कच्चं पाणी मिसळतो, तुमच्या बोअरला फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर तो पूर्ण बंद ठेवा, चव गोड करायच्या नादात तेच परत पोटात जातं.

आरओचं पाणी थोडं आम्लाकडे झुकतं कारण कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनमधून निघून येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्या पाण्यात क्लोरीन नसतो हे मात्र गंभीर आहे, टाकी आणि जार स्वच्छ नसतील तर तिथे जंतू आरामात वाढतात. प्लांटवाल्यांनी जार रोज आतून धुवायचे, टाकी महिन्यातून एकदा निर्जंतुक करायची आणि नळापाशी जंतू मारणारा यूव्ही लावायचा, यूव्हीचा दिवा वर्षभरात बदलायचा, तो पेटलेला दिसला तरी त्याची ताकद उतरलेली असते.

रिजेक्टचं पाणी

१८०० टीडीएसच्या बोअरवर ५० टक्के रिकव्हरी म्हणजे रिजेक्ट साडेतीन हजारांच्या वर. ते संडासाला, फरशीला, रस्त्यावर धूळ बसवायला चालतं, गुरांना देऊ नका कारण फ्लोराइड, नायट्रेट पण त्यात दुप्पट झालेलं असतं. शेतात सोडायचा मोह होतो पण खारपाण पट्ट्यातली काळी जमीन आधीच सोडियमने चोपण झालेली, त्यात हे पाणी घातलं तर ती अजून घट्ट होऊन पाणी मुरेनासं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते जवळच्या विहिरीत किंवा बंद बोअरमध्ये सोडणं, तसं केलं की काही वर्षांनी तेच मीठ तुमच्याच प्लांटच्या फीडमध्ये परत येतं. प्लांट मंजूर करतानाच रिजेक्ट कुठे जाणार हे ग्रामसभेत कागदावर ठरवून घ्या, शाळेच्या किंवा सार्वजनिक संडासाच्या टाकीला एक पाइप टाकणं बहुतेक गावात जमतं, नाहीतर खाली प्लास्टिक अंथरलेला उथळ खड्डा करून उन्हात आटवायचं आणि वर्षातून एकदा खालचं मीठ उचलून न्यायचं.